पोराची ऑनलाइन डिग्री आणि दुकानातला जुना पीसी, भागेल का?

पितळी_तांब्या
नमस्कार मंडळी. मी बार्शीची. मोठा मुलगा इथंच कॉलेजात बीएस्सीला आहे आणि आता त्याने आयआयटी मद्रासच्या त्या ऑनलाइन डेटा सायन्सच्या बीएस डिग्रीचा फॉर्म भरलाय. दोन डिग्र्या एकदम चालतात म्हणे, यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिलीय, कॉलेजात विचारून खात्री केली आधी. तर आता प्रश्न संगणकाचा. घरात एक पीसी आहे, ह्यांच्या दुकानात बिलिंगला होता, २०१५ ला घेतलेला, आय३ चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. चालू करून चहा टाकला की चहा उकळून गाळून प्यायला तरी हा अजून गोल गोल फिरतोय. मुलगा म्हणतो लॅपटॉप पाहिजे. दुकानदाराने ५५ हजाराचा दाखवला, वर म्हणतो "मॅडम शिक्षणासाठी आहे, विचार काय करता, हप्ते करून देतो". आमचं बजेट फी सोडून २५ हजाराच्या वर जात नाही, तेही ओढूनताणून. धाकटी अकरावीला आहे, तिचाही विचार करायचाय. जुनाच नीट होईल का, का सेकंडहँड घेऊ, का डोळे मिटून हप्ते? आणखी एक, हा पीसी रोज सकाळी तारीख विसरतो. २०१४ दाखवतो आणि मग अर्ध्या वेबसाइटी "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतात. व्हायरस असेल का?

वायरमन_नाना
ताई, शेवटचं आधी. व्हायरस नाही तो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातपण मिळतो ३०-४० रुपयाला. तो मेला की प्लग काढल्यावर घड्याळ मागे जातं. आणि तारीख चुकली की वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र पीसीला चुकीचं वाटतं, कारण त्याच्या हिशोबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. लोक ह्याच्यापायी फॉरमॅट मारून घेतात आणि ५०० रुपये देऊन येतात.

आता स्लोचं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप तिन्ही दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये जा आणि डिस्क किती टक्के दाखवतंय ते सांगा. माझी पैज, १०० ला चिकटलेलं असेल.

पितळी_तांब्या
१००! नुसतं क्रोम उघडलं तरी १०० आणि खाली येतच नाही. मेमरी ८७ दाखवते.

वायरमन_नाना
मग झालं निदान. तुमचा प्रोसेसर बसून माशा मारतोय आणि हार्डडिस्क एकटी धावतेय. तिच्या जागी एसएसडी टाका (काम हार्डडिस्कचंच, पण आत फिरणारी चकती नाही म्हणून खूप वेगवान), अडीच इंची साटावाली, म्हणजे हार्डडिस्कच्याच वायरला बसणारी, २५६ जीबी पुष्कळ झाली, आणि रॅम ८ करा. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरला डीडीआर३ जातीची रॅम लागते, नवी घेऊ नका, जुनी काढलेली मिळते स्वस्तात. पेटी उघडून आधी बघा एक स्लॉट रिकामा आहे का. पीसी अर्ध्या मिनिटात चालू होईल. मी असे पंधरा-वीस पीसी केलेत, शाळांचे, पतसंस्थांचे, सगळ्यांची तक्रार एकच असते, "नवीन घ्यायला पाहिजे".

झेंडूची_फुलं
थोडा वेगळा सूर लावते. नाना सांगतात ते बरोबरच आहे पण लॅपटॉपच्या बाजूने एक मुद्दा आहे जो कोणी सांगत नाही, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. आमच्याकडे (परांडा तालुका) उन्हाळ्यात लाईट दिवसातनं चार वेळा जाते आणि जाते तेव्हा ऐन सबमिशनच्या वेळी जाते. डेस्कटॉप धाडकन बंद, वर लिहिलेलं गेलं. माझ्या भावाचं असंच झालं, रात्री ११:४० ला लाईट गेली, डेडलाइन ११:५९. पोरगं रडायचं बाकी होतं.

घाटाखालचा
ते खरंय पण ५५ हजारात लॅपटॉपची बॅटरी विकत घेण्यापेक्षा इन्व्हर्टर बरा नाही का? घरात इन्व्हर्टर आहे का ताई?

पितळी_तांब्या
आहे ना, सहा वर्षं झाली. पण लाईट गेली की पंखे चालू राहतात आणि पीसी मात्र बंद पडून परत चालू होतो. म्हणून ह्यांनी पीसीला पुढे इन्व्हर्टरवर ठेवलंच नाही, म्हणाले झेपत नाही त्याला.

घाटाखालचा
झेपत नाही असं काही नाही, आय३ आणि एलईडी मॉनिटर मिळून दोन पंख्यांएवढीसुद्धा वीज खात नाहीत फारशी. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको लिहिलेलं. नॉर्मलला असेल तर लाईटवरून बॅटरीवर यायला तो जरा वेळ लावतो, पंख्याला कळत नाही पण पीसीला कळतं. यूपीएसला केलं की दहा-वीस मिलिसेकंदात उडी मारतो, पीसीला पत्ताही लागत नाही. बसवणारे ते नॉर्मललाच ठेवून जातात कारण व्होल्टेज कमीजास्त झालं की यूपीएस मोडमध्ये तो सारखा बॅटरीवर जातो आणि मग लोक फोन करून डोकं खातात. बघा जरा मागे वाकून.

पितळी_तांब्या
मागे कोळ्याची जाळी आहेत, पण बटण सापडलं!!! नॉर्मलला आहे. सहा वर्षं.

झेंडूची_फुलं
घ्या 😄 माझा मुद्दा गेला पाण्यात. आमच्याकडचा बघते आता.

फाउंडेशन_टर्म२
मी हीच डिग्री करतोय, फाउंडेशन म्हणजे पहिल्या लेव्हलला आहे, नांदेडहून. थोडं आतलं सांगतो म्हणजे काय लागतं ते कळेल. लेक्चरं सगळी रेकॉर्डेड असतात, पाहिजे तेव्हा बघा, मी तर दीडच्या स्पीडला बघतो. दर आठवड्याला असाइनमेंट, तिला डेडलाइन. लाइव्ह सेशन संध्याकाळी असतात, बघितलं तर चांगलं, नाही बघितलं तर रेकॉर्डिंग मिळतं. क्विझ आणि टर्मच्या शेवटच्या परीक्षा मात्र सेंटरला जाऊन द्यायच्या, तिथे तुमच्या पीसीचा संबंध नाही. सुरुवातीला क्वालिफायर आहे, म्हणजे प्रवेशाची चाळणी, चार आठवड्यांचा अभ्यास, चार विषय, मॅथ्स, स्टॅट्स, इंग्लिश आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग. ह्याच्यात कोडिंगसुद्धा नाही खरं तर. म्हणजे क्वालिफायर पास होईपर्यंत नवीन मशीनवर एक रुपया घालू नका असं माझं स्पष्ट मत. माझ्या ओळखीत दोघांनी आधी गेमिंग लॅपटॉप घेतला आणि क्वालिफायरला बसलेच नाहीत.

पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) सुरू झालं की पण घाबरायचं कारण नाही, कोड ब्राउझरमध्येच चालतो. पुढे मशीन लर्निंगला गूगल कोलॅब वापरतात, त्यात हिशोब गूगलच्या सर्व्हरवर होतो, तुमचा पीसी फक्त खिडकी.

एकच ठिकाणी घरचा संगणक महत्त्वाचा, पायथनची प्रॅक्टिकल परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर द्यावी लागते, ओपीपीई म्हणतात. तिला वेबकॅम, माइक आणि न तुटणारं नेट पाहिजे. डेस्कटॉपला वेबकॅम वेगळा घ्यावा लागेल. मोबाइलला वेबकॅम बनवायची ॲप असतात, रोजच्या क्लासला चालतील, परीक्षेला तो जुगाड नको.

आणि हो, घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीमध्ये सवलत आहे, दाखले तयार ठेवा. लेक्चरं यूट्यूबवरसुद्धा आहेत, मुलाला आधी आठवडाभर बघू द्या झेपतंय का.

पितळी_तांब्या
खूप खूप आभार बाळा. हे कुणीच सांगितलं नव्हतं. मुलाला वाचून दाखवलं, तोंड वाकडं केलं त्याने. त्याला लॅपटॉप कॉलेजात मिरवायचा होता हे आता कळलं 😐

ढेबेवाडी_एक्सप्रेस
मिरवू द्या की हो ताई, वय आहे 😂 आम्ही सायकलची घंटी मिरवली.

काळी_फळी
मी कॉलेजात शिकवतो, २०२० पासून ह्या डबड्यासमोर बोलतोय म्हणून दोन गोष्टी. सगळे कॅमेऱ्याचं विचारतात, आवाजाचं कोणी विचारत नाही. मुलाचा चेहरा धूसर दिसला तरी माझं काही अडत नाही, पण शंका विचारताना मागे मिक्सर, पंखा, कुकरच्या शिट्ट्या असं सगळं आलं की मी "चॅटमध्ये लिही" म्हणून पुढे जातो, आणि पोरगं परत विचारत नाही. वायरचा साधा हेडफोन घ्या माइकवाला. ब्लूटूथच्या भानगडीत पडू नका, जुन्या पीसीला ब्लूटूथ नसतंच बहुतेक.

आता इथे एक गंमत होते. मोबाइलच्या हेडफोनची पिन एकच असते, त्यात आवाज आणि माइक दोन्ही. जुन्या पीसीला मात्र हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं. मोबाइलचा हेडफोन हिरव्यात घातला की ऐकू येतं पण तुमचा आवाज जात नाही. मग लोक सेटिंगमध्ये तासन्‌तास शोधतात. १००-१५० रुपयाचा स्प्लिटर मिळतो, एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना. तो घ्या. माझ्या वर्गातल्या निम्म्या "सर माझा माइक खराब आहे" चं उत्तर हे आहे.

टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवा, पाठ करून नाही. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो, चोर पकडलाय असं वाटतं.

वायरमन_नाना
सरांना दंडवत. स्प्लिटरचं मी विसरलो होतो.

मडगांवचो_पाव
गोव्यातून. विंडोजचं कोणी बोललं नाही अजून? चौथ्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. वर्षभराची वाढीव सुरक्षा मुदत घेता येते, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. पुढे काय? म्हणून म्हणतो एसएसडी टाकतानाच विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. फुकट, मराठी टायपिंग चालतं, क्रोम चालतं, लिब्रे ऑफिस आतच असतं. माझी आई वापरते, ६८ वर्षांची.

घाटाखालचा
आला लिनक्सवाला. वाटच बघत होतो.

मडगांवचो_पाव
अरे पण चूक काय बोललो सांग ना.

घाटाखालचा
चूक नाही, अर्धवट. परीक्षेचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल का हे बघितल्याशिवाय सांगू नये. सेफ एक्झाम ब्राउझर (परीक्षेत बाकी सगळं बंद ठेवणारा ब्राउझर) अनेक कॉलेजं वापरतात, त्याची लिनक्ससाठी आवृत्तीच नाही, विंडोज, मॅक आणि आयफोन-आयपॅडलाच आहे. मिंट टाकला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं तर ताई कुणाला धरणार, तुला?

फाउंडेशन_टर्म२
आमच्याकडे परीक्षेच्या आधी सिस्टीम चेक करून घेतात, तेव्हाच कळतं काय चालतं काय नाही. सेफ साइड, एसएसडीवर दोन्ही ठेवा, विंडोज १० वाढीव मुदत घेऊन आणि शेजारी मिंट. चालू करताना विचारतं कुठलं पाहिजे.

मडगांवचो_पाव
हे मान्य. दोन्ही ठेवा. आणि ताई, कोणी "विंडोज फुकट ॲक्टिव्हेट करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या क्रॅकमधनंच निम्मी घाण येते, आणि तुम्ही ह्याच पीसीवर फीचं नेटबँकिंग करणार.

झेंडूची_फुलं
नेटचं काय? घरात फायबर आहे का मोबाइलवर चालवणार? आम्ही एक महिना मोबाइलवर काढला, रोजचा दीड जीबी सकाळच्या दोन लेक्चरात संपायचा. व्हिडिओचं रेझोल्यूशन ३६० वर आणलं तेव्हा कुठे दिवसभर पुरायला लागला. फळ्यावरचं दिसतं ३६० ला पण, काही बिघडत नाही.

पितळी_तांब्या
फायबर आहे, गावातलाच केबलवाला देतो. पण राउटर हॉलमध्ये आणि मुलाची खोली मागे, मधे दोन दगडी भिंती, जुना वाडा आहे आमचा. तिथे मोबाइललासुद्धा एकच कांडी येते. आणि पीसीला वायफाय नाहीच म्हणतो मुलगा.

वायरमन_नाना
दगडी भिंत असेल तर वायफायचा नाद सोडा. डोंगल, रिपीटर ह्याच्यावर पैसे घालू नका. सरळ वायर ओढा. नेटची, कॅट ६ म्हणतात ती, हॉल ते खोली मोजून वर दोन मीटर जास्त, दोन्ही टोकाला क्लिपा मारून घ्या. केसिंग पट्टीतून न्या, वाड्यात उंदीर असणारच, ते नेटच्या वायरीवर फार प्रेम करतात. वायर ओढून होईपर्यंत तात्पुरतं काम अडलं तर मोबाइल यूएसबीने पीसीला जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, मोबाइलचं नेट पीसीला मिळतं, डोंगल लागत नाही.

घाटाखालचा
आणि राउटर कुठल्या प्लगवर आहे ते बघा. सगळे पीसी इन्व्हर्टरवर घेतात आणि राउटर टीव्हीच्या प्लगवर, लाईट गेली की पीसी मस्त चालू आणि नेट गायब. इन्व्हर्टरचा पॉइंट तिथे नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा, १२ व्होल्टचा. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपियर वाचून घ्या, काही राउटर ९ व्होल्टचे असतात.

ढेबेवाडी_एक्सप्रेस
आमच्या इथं एवढं सगळं केलं. राउटरला यूपीएस, पीसीला इन्व्हर्टर. तरी लाईट गेली की नेट जायचं. शेवटी कळलं की चौकातल्या बिल्डिंगच्या गच्चीवर केबलवाल्याचा डबा आहे आणि त्याला बॅकअपच नाही! पोराने जाऊन भांडण केलं तेव्हा त्याने बॅटरी ठेवली. तर ताई तुमच्या केबलवाल्याला आधीच विचारा, फायबर थेट त्याच्या ऑफिसातून घरापर्यंत येतं का मधे कुठे लाईटवर चालणारा डबा आहे.

पितळी_तांब्या
बाई गं, एवढा विचार मी लग्न ठरवताना केला नव्हता.

एक आगाऊ प्रश्न. पीसी नीट झालाच तर मलाही मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण करायचंय, नाशिकचं, वीस वर्षांपूर्वी राहिलं होतं. मराठी टाइप करायला शिकावं लागेल ना? मी हे सगळं मोबाइलवर बोलून लिहितेय.

काळी_फळी
जरूर करा. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि कीबोर्ड फोनेटिक निवडा, विंडोज १० मध्ये २०१९ पासून आतच आहे. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटतं. पुढे सरकारी कामासाठी टायपिंग करायचं असेल तर इनस्क्रिप्ट हा मराठी अक्षरांचा कीबोर्ड शिका, नसेल तर गरज नाही.

मीठभाकर
एवढी चर्चा झाली, सेकंडहँडचं कोणीच सांगितलं नाही. ऑफिसातून निघालेले छोटे डेस्कटॉप मिळतात, आठव्या पिढीचे आय५. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून भाच्यासाठी घेतला १६ हजाराला, एक वर्षाची वॉरंटी, जीएसटी बिल. विंडोज ११ नीट चालतं. लगेच नको, पण पुढे क्वालिफायर झाल्यावर तो विचार करा. बिल नसेल तर घेऊ नका, आणि दुकानातच अर्धा तास चालवून बघा, सगळे यूएसबी पोर्ट तपासून.

---

पितळी_तांब्या
तीन आठवड्यांनी परत आले, हिशोब द्यायला. एसएसडी २३००, रॅम जुनी ५००, सेल ४०, वेबकॅम १४००, स्प्लिटर १२०, राउटरचा यूपीएस १५००, वायर आणि पट्टी ८५०, बसवणाऱ्याचे ४००. एकूण ७११०. वर एक जुनी ऑफिसची खुर्ची १२०० ला घेतली कारण प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याची पाठ धरली. म्हणजे ८३१०.

बसवणारा म्हणाला "मॅडम ह्याच्यात पैसे घालू नका, नवीन घ्या", मी म्हटलं तू बसव. पेटी उघडली तर आत पालीची अंडी. आता चालू व्हायला मी मोजलं, २४ सेकंद. मुलगा दोन वेळा बंद करून परत चालू करून बघत होता नुसता. विंडोज आणि मिंट दोन्ही टाकलंय, तो मिंटच वापरतो, त्याला ते काळ्या स्क्रीनवर टाइप करायला आवडतं, मित्राला दाखवत होता. मिरवायची सोय झाली.

परवा लाइव्ह सेशन चालू असताना लाईट गेली. मी स्वयंपाकघरातून ओरडले "गेलं का रे?" तर आतून "आई माइक चालू आहे" एवढंच आलं. म्हणजे आवाजसुद्धा जातोय.

काळी_फळी
😄😄 स्प्लिटर चांगला निघाला म्हणायचा.

वायरमन_नाना
जुनी हार्डडिस्क टाकली नाहीत ना? ती ठेवा, बॅकअपला कामाला येईल, त्याच पेटीत दुसरी म्हणून जोडता येते.

पितळी_तांब्या
नाही टाकली नाना. ह्यांची सगळी जुनी बिलं त्यात आहेत, २०१५ पासूनची उधारीसकट. काल बसून काढत होते, चार जणांना फोनपण लावले.